पूर्वेचं पाणी पश्चिमेला

लोणावळ्याच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाची वाट ठरलेली असते. इंद्रायणीतून भीमेला, भीमेतून कृष्णेला आणि तिथून बंगालच्या उपसागरात. माणसाने ही वाट मोडली, म्हणून खोपोलीचं पॉवरहाऊस उभं राहिलं.

त्याचं बीज लंडनमधलं. १८३१ साली मायकेल फॅरडेने लोहचुंबकाच्या दोन टोकांमध्ये तांब्याची तबकडी फिरवली आणि वीज वाहू लागली. आजच्या अजस्र जनित्रांतही चुंबक आणि तारेची वेटोळी यांपैकी एक फिरत ठेवावं लागतं. फिरवायचं कशाने, हा खरा प्रश्न. न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवर एडिसनने १८८२ साली कोळसा जाळून वाफेवर ते फिरवलं. पण ती एकदिश वीज मैलभरही धड पोचत नसे. प्रत्यावर्ती वीज आणि ट्रान्सफॉर्मर आले, तेव्हा कुठे डोंगरातल्या पाण्याला शहरात मोल आलं.

मुंबईच्या गिरण्या तेव्हा कोळशावर चालत. घाटावरच्या पाण्यापासून वीज करण्याची कल्पना डेव्हिड गॉस्टलिंग या वास्तुविशारदाने जमशेदजी टाटांपुढे मांडली. जमशेदजी १९०४ साली गेले; वीज कंपनी निघाली १९१० साली, त्यांचे पुत्र दोराबजी यांच्या हातून. वळवण, लोणावळा, शिरवता इथे पाणी अडवलं, ते पाइपांतून ५०० मीटरहून अधिक खाली उतरवलं आणि १९१५ साली खोपोलीची वीज मुंबईला पोचली.

इतक्या उंचीवरून आलेल्या पाण्याला साधी पाणचक्की पुरत नाही. इथलं चाक पेल्टनचं. त्याच्या कडेला जोडवाट्या बसवलेल्या असतात आणि प्रत्येक जोडीच्या मधोमध धारदार कणा. झोत कण्यावर आदळून दुभंगतो, दोन्ही वाट्यांच्या पोटातून वळसा घेऊन जवळजवळ उलटा फिरतो आणि सगळा जोर चाकाला देऊन मलूल होऊन खाली पडतो. कॅलिफोर्नियात सोन्याच्या खाणींच्या मुलखात यंत्रं बनवणाऱ्या लेस्टर पेल्टनने हे चाक घडवलं. या साऱ्या वंशावळीत मला तोच दुवा सर्वांत देखणा वाटतो.

पुढे भिवपुरीचं पॉवरहाऊस आलं, मग १९२७ साली भिऱ्याचं. भिऱ्याचं पाणी मुळशीचं, आणि ते सुखासुखी मिळालेलं नाही. १९२१ साली मावळातले शेतकरी ‘जान किंवा जमीन’ म्हणत धरणावर जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे, सेनापती बापट त्यांच्यासोबत होते. तुरुंगवास झाले, तरी धरण झालंच. गावं बुडाली, भातखाचरं बुडाली. वीज कशी तयार होते हे मुलांना शिकवताना आपण चुंबक सांगतो, टर्बाइन सांगतो. ती खाचरंही सांगायला हवीत.

चाकावरून उतरलेल्या पाण्याला अवजल म्हणतात. खोपोलीचं अवजल पाताळगंगेत जातं. कोकणातल्या किती तरी नद्या उन्हाळ्यात आटतात, तेव्हाही पाताळगंगा या पाण्यावर वाहते. काठची गावं ते पितात, कारखाने वापरतात. बंगालच्या उपसागराकडे निघालेलं पाणी धरमतरच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतं.