शेती साहाय्य योजना, लोणंद परिसरातील

लोणंद (ता. खंडाळा, जि. सातारा) ही नीरा खोऱ्यातील कांद्याची आणि शेळ्या-मेंढ्यांची जुनी बाजारपेठ. येथील शेतकरी व पशुपालकांसाठी केंद्र आणि राज्य शासनाच्या अनेक योजना आहेत. त्या एका छताखाली मिळत नाहीत, त्यामुळे कोणती योजना कोणत्या खात्याकडे आहे हे आधी माहीत असावे लागते.

पूर्वपीठिका : ब्रिटिश काळात 1883 व 1884 च्या कायद्यांनुसार विहीर, बांधबंदिस्ती, बी-बियाणे व बैलांसाठी तगाई मिळे. तगाई हे परतफेडीचे कर्ज होते. आजचे साहाय्य मुख्यतः अनुदानाच्या रूपात मिळते.

कृषी विभाग : ठिबक, तुषार, अवजारे, कांदाचाळ यांचे अर्ज राज्याच्या ‘महाडीबीटी’ संकेतस्थळावर होतात. ठिबकसाठी राज्याच्या पूरक अनुदानासह अल्प व अत्यल्प भूधारकांना 80 टक्के, तर इतरांना 75 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे; ते ठरवून दिलेल्या खर्च मर्यादेवर मोजतात. निवड झाल्यावर कागदपत्रे, मग पूर्वसंमती, त्यानंतर खरेदी आणि शेवटी मोका तपासणी हा क्रम पाळावाच लागतो. पूर्वसंमतीआधीच यंत्र घेतले की अनुदान हातचे जाते. 15 एप्रिल 2025 पासून राज्यात या योजनांसाठी शेतकरी ओळख क्रमांक आवश्यक झाला आहे.

पशुसंवर्धन : दुधाळ जनावरांच्या व शेळ्यांच्या गटांसाठी या विभागाच्या स्वतंत्र संकेतस्थळावर अर्ज करावा लागतो; चौकशी जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात किंवा पंचायत समितीत करावी. धनगर व तत्सम (भटक्या जमाती-क) मेंढपाळांसाठी 2017 पासून राजे यशवंतराव होळकर महामेष योजना असून तिच्यात 20 मेंढ्या व 1 नर अशा गटाला 75 टक्के अनुदान आहे.

पीककर्ज : गावची विकास सोसायटी व जिल्हा मध्यवर्ती बँक यांच्यामार्फत मिळते. डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे 3 लाखांपर्यंतचे कर्ज मुदतीत फेडणाऱ्याला व्याज पडत नाही.

नोंदीचे महत्त्व : 2023 मध्ये कांद्याचे भाव कोसळले, तेव्हा 1 फेब्रुवारी ते 31 मार्चदरम्यान विकलेल्या कांद्याला क्विंटलमागे 350 रुपये, कमाल 200 क्विंटलपर्यंत अनुदान जाहीर झाले. त्यासाठी विक्रीची पट्टी आणि सातबाऱ्यावर कांद्याची नोंद मागण्यात आली. पट्टी हातात, पण सातबाऱ्यावर पीक नोंदवणारी ई-पीक पाहणी राहिलेली, असे राज्यात अनेक शेतकरी अडले. ही अट पुढे शिथिल करावी लागली.

उणिवा : बहुतेक योजना सातबाऱ्यावरील नाव पाहतात, म्हणून वाट्याने शेती करणारा बाहेर राहतो, नाव न लागलेल्या शेतकरी बायकांचेही तेच होते. दिवाळीनंतर कळप घेऊन कोकणात उतरलेल्या मेंढपाळाला कागदपत्रांची मुदत गाठणे अवघड जाते. अर्जाचे वेळापत्रक या स्थलांतराकडे पाहून ठरले आणि कसणाऱ्याची नोंद वेळेवर लागली, तर हे साहाय्य खऱ्या गरजवंतापर्यंत पोहोचेल.