कोनिगग्रेट्झचा मूक सेनापती

१/ ३ जुलै १८६६. बोहेमियातील कोनिगग्रेट्झ येथे प्रशियाने ऑस्ट्रियाचा निर्णायक पराभव केला. जर्मनीचे नेतृत्व कोणाकडे, हा प्रश्न एका दिवसात निकाली निघाला. पराभवाचे सारे खापर मात्र एकाच माणसावर फुटले : लुडविग फॉन बेनेडेक. #थ्रेड

२/ जन्म १८०४, हंगेरीतील शोप्रोन. वडील डॉक्टर, घराणे प्रोटेस्टंट. कॅथलिक उमरावांचा वरचष्मा असलेल्या सैन्यात तो स्वकर्तृत्वावर वर आला.

३/ इटली ही त्याची कर्मभूमी. १८४८-४९ मध्ये राडेट्स्कीच्या हाताखाली कुर्तातोने आणि मोर्तारा येथे त्याने नाव कमावले. १८५९ मध्ये सोल्फेरिनोला ऑस्ट्रिया हरला. पण सान मार्तिनोच्या टेकड्यांवर बेनेडेकने पिडमाँटचे हल्ले परतवून लावले. त्या पराभवातून तो लोकनायक होऊनच बाहेर पडला.

४/ १८६६ मध्ये एकाच वेळी दोन आघाड्या उघडल्या. इटलीची आघाडी मिळाली राजघराण्यातील आर्चड्यूक आल्ब्रेख्तला. बेनेडेककडे आली बोहेमियाची. हा प्रदेश आपल्या परिचयाचा नाही, असे सांगून त्याने आधी नकार दिला होता. अखेर सम्राटाच्या इच्छेपुढे त्याने मान तुकवली.

५/ ऑस्ट्रियन शिपायाच्या हाती ठासणीची लोरेन्झ रायफल होती आणि भिस्त संगिनीच्या हल्ल्यावर. प्रशियाची ड्रायझे रायफल मागून भरता येई. शिपाई जमिनीवर पडूनही झपाट्याने गोळ्या झाडी. जूनअखेरच्या चकमकींतच ऑस्ट्रियाची हजारो माणसे कामी आली.

६/ १ जुलैला बेनेडेकने सम्राटाला तार केली : कोणत्याही किमतीवर तह करावा, सैन्याचा सर्वनाश अटळ आहे. उत्तर आले : तह अशक्य, अपरिहार्य असल्यास माघार घ्यावी. शेवटी एक प्रश्न होता : लढाई झाली का? त्या प्रश्नात लढण्याची अपेक्षा दडलेली होती.

७/ पाठीशी एल्ब नदी ठेवून तो लढला. श्वीप जंगलाच्या झुंजीत उजव्या बगलेच्या तुकड्या ठरलेली जागा सोडून गुंतल्या. दुपारी प्रशियाच्या युवराजाचे सैन्य तिथेच कोसळले. ऑस्ट्रियाचे मृत, जखमी व कैदी मिळून सुमारे ४४,०००. प्रशियाचे सुमारे ९,०००. बेनेडेकचा अनिर्णयही याला कारण होता, पण तो एकटाच नव्हे.

८/ त्याच्याविरुद्धची चौकशी सम्राटाने थांबवली. आल्ब्रेख्तने त्याच्याकडून मौनाचे लेखी वचन घेतले. त्यानंतर डिसेंबरमध्ये सरकारी ‘वीनर त्साइटुंग’मध्ये त्यालाच दोषी ठरवणारा लेख छापून आला.

९/ बेनेडेकने वचन पाळले. १८८१ मध्ये ग्राझ येथे तो वारला. अंत्यविधी लष्करी मानवंदनेविना व्हावा, ही त्याची अंतिम इच्छा होती. चौकशी पूर्ण झाली असती, तर रायफलींचा, युद्धतंत्राचा आणि सेनापतीच्या निवडीचाही जाब विचारावा लागला असता. एका माणसाच्या मौनाने दरबाराची त्यातून सुटका झाली.