विटेचा वाडा, मराठवाड्यातील

विटेचा वाडा : एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मराठवाड्यातील बाजारगावांत पाटील, देशमुख, सावकार यांनी बांधलेले चौकाचे घर, जोते दगडी, भिंती भाजक्या विटेच्या, वर मातीचे माळवद. याच काळातल्या विटेच्या घराला इंग्लंडात व्हिक्टोरियन म्हणतात आणि अलीकडे इकडच्या वाड्यांनाही ते विशेषण चिकटवले जाते. मराठवाड्याला ते शोभत नाही. हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. पण राज्य कोणाचे हा मुद्दा दुय्यमच. खरा फरक ओझे कोण पेलते यात आहे. इंग्रजी घरात मजल्याच्या तुळया विटेच्या भिंतीवर टेकतात. भिंत गेली की घर गेले. वाड्यात माळवदाचा भार कडीपाटावरून तुळईवर, तिथून खांबावर आणि खांबातून तळखड्यावर उतरतो. कित्येकदा खांब भिंतीतच चिणलेला असतो, म्हणून भिंतीनेच छत धरले आहे असे वाटते. घराचे माप मात्र खणांत सांगतात, आणि खण म्हणजे दोन खांबांमधले अंतर. वाडा मोडायला काढला की गिऱ्हाईकही आधी सागवान पाहते.

मग वीट निव्वळ आडोसा का? तसे म्हणणे अतिरेकाचे. जाड भिंत खांबांना डोलू देत नाही, उन्हाळ्यात माजघर गार ठेवते, कोनाडे आणि फडताळे पोटात घेते. शनिवारवाड्याचे उदाहरण कोणी पुढे करील : १८२८ च्या आगीत लाकडी मजले जळाले, तट राहिला, आणि त्या तटात वीट आहे. पण तो तट स्वतःच्या जाडीवर उभा आहे, छत तोलायला नव्हे. उलट १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या भिंती ढासळल्या, तरी खांबांवरची माळवदे कित्येक ठिकाणी जागेवर राहिली. वाडा व्हिक्टोरियन ठरवायला लोखंडी गर्डर, मंगलोरी कौले, रंगीत काचा यांचा दाखला देणाऱ्यांनी तारखा पाहाव्यात : औरंगाबादेत आगगाडी पोचली १९०० च्या सुमारास, राणी व्हिक्टोरिया वारली १९०१ मध्ये. हा माल खेड्यांकडे वळला तो बहुतांशी त्यानंतर.

ओझे कोण पेलते हे विसरणे दुरुस्तीत महागात पडते. वीट जपायची म्हणून भिंतीला सिमेंटचा गिलावा करतात. आत ओल कोंडते, आणि चिणलेला खांब तळखड्याजवळ, कोणाला न दिसता, कुजू लागतो.