सौतची काटछाट: तबकडी ते एमपी३

कुवेतच्या शहरी गायकीला सौत म्हणतात. ऊद हे तंतुवाद्य, मिरवास नावाचा हातात मावणारा दुतोंडी ढोल आणि बैठकीला जमलेल्यांच्या एकमेकींत गुंफलेल्या टाळ्या यांवर ती उभी राहिली. व्हायोलिन नंतर आले. सौतचा पाया घालण्याचे श्रेय कवी-संगीतकार अब्दुल्ला अल्-फरज (जन्म १८३६) यांना दिले जाते. वडिलांचा व्यापार मुंबईत असल्याने त्यांची जडणघडण मुंबईतच झाली आणि हिंदुस्थानी संगीताचा संस्कारही तिथेच घडला. खजूर घेऊन निघणाऱ्या कुवेती जहाजांचे मुंबई हे नेहमीचे बंदर होते. कुवेतमध्ये १९६१पर्यंत चलनही रुपयाच होता. सालेह आणि दाऊद अल्-कुवेती या पुढे बगदादेत गाजलेल्या भावांना लहानपणी मिळालेले व्हायोलिन आणि ऊद एका वडीलधाऱ्या नातलगाने हिंदुस्थानातूनच आणले होते.

ध्वनिमुद्रण आले आणि गाणे जागेच्या हिशेबात बसवणे सुरू झाले. अब्दुल लतीफ अल्-कुवेती यांनी १९२७ साली बगदादेत बैदाफोन कंपनीसाठी गायन केले, तेव्हा मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटे मावत. बैठकीतला सौत मात्र संथ सुरुवातीपासून तौशीह नावाच्या अखेरच्या भागापर्यंत निवांत रंगणारा. तो तबकडीवर आणताना कवितेचे चरण कमी करावे लागत, किंवा गाणे मध्येच थांबवून दुसऱ्या बाजूवर पुढे न्यावे लागे.

१९५१ साली कुवेत रेडिओ सुरू झाला आणि गाणे थेट घराघरांत पोहोचू लागले. वेळेचे बंधन खऱ्या अर्थाने सैल केले ते फिलिप्सने १९६३ साली आणलेल्या कॅसेटने. साठ किंवा नव्वद मिनिटांची कॅसेट खिशात मावे, पुसून पुन्हा भरता येई. तेलाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या कामांसाठी आखातात गेलेल्या भारतीयांनी १९७०च्या दशकात जपानी टेपरेकॉर्डर गावोगावी आणले. भारतात कॅसेट रुजण्याचे ते एक मोठे कारण ठरले. कोकणातल्या अनेक घरांत पहिला टू-इन-वन याच वाटेने आला. कोऱ्या कॅसेटवर आवाज भरून पत्राऐवजी पाठवण्याची रीतही आखाती कुटुंबांत पडली. गाणे आणि घरचा आवाज एकाच फितीवर राहू लागले, ही गोष्ट तंत्राच्या इतिहासात सहसा नोंदली जात नाही. ती नोंदवायला हवी.

संगणकाच्या काळात जागेचा प्रश्न नव्या रूपात परतला. सीडीवरचे एक मिनिट संगीत सुमारे दहा मेगाबाइट जागा घेते. १९९८ साली आलेल्या रिओ या खिशातल्या प्लेअरची साठवण होती अवघी ३२ मेगाबाइट, म्हणजे सीडीवरच्या एका गाण्याइतकी. एमपी३ने यावर तोड काढली. मोठ्या आवाजाखाली दबलेला बारीक आवाज कानाला जाणवत नाही, म्हणून तो ढोबळपणे नोंदवायचा किंवा सोडूनच द्यायचा. सेकंदाला १२८ किलोबिट या दराने तेच मिनिट एका मेगाबाइटच्या आसपास बसते आणि रिओत अर्ध्या तासाची गाणी मावत. २००१च्या पहिल्या आयपॉडमध्ये पाच गिगाबाइट जागा होती, तरी मोठा संग्रह असलेल्यांना तीही अपुरी पडे. मग आधीच आवळलेल्या फाइली आणखी कमी दराने आवळल्या जात.

सौतला हे आवळणे विशेष महागात पडते. एमपी३ आवाजाचे बारीक तुकडे पाडून हिशेब करते. तुकड्याच्या शेवटी अचानक टाळी पडली, तर हिशेबातली चूक टाळीच्या आधीच्या शांततेतही पसरते आणि आघाताची धार बोथट होते. अशा वेळी तुकडे आणखी लहान करण्याची सोय आहे, पण तिला जास्त बिट लागतात आणि कमी दरात नेमके तेच शिल्लक नसतात. गायकाचा आवाज बऱ्यापैकी टिकतो. मिरवासचे कडक ठोके आणि टाळ्यांची वीण मात्र विस्कटते. जुन्या तबकडीची खरखर अडचण वाढवते, कारण कसलीच पुनरावृत्ती नसलेला तो आवाजही बिट खातो. खरखर गाळायला जावे, तर टाळ्यांचा टोकदारपणाही तिच्याबरोबर जातो.

एकदा सोडलेला तपशील दर वाढवून परत मिळत नाही. फाइल फुगते, एवढेच. म्हणून मूळ प्रत फ्लॅकसारख्या कोणताही तपशील न गाळणाऱ्या पद्धतीत ठेवून प्लेअरसाठी वेगळी लहान प्रत काढणे, हीच योग्य रीत. फ्लॅक २००१पासून उपलब्ध आहे आणि सीडीच्या साधारण निम्म्या जागेत काम भागवते. लेबनॉनमध्ये २००९ साली स्थापन झालेली अमार ही संस्था अरब संगीताच्या जुन्या तबकड्या जतन करून त्यांचे डिजिटल रूपांतर करते. अशा कामात तबकडीच्या दोन बाजूंवर तुटलेले गाणे सलग जोडता येते. मुद्रणाच्या वेळीच वगळलेले चरण मात्र त्या तबकडीत कधी नव्हतेच.