रेनबो ट्राउट
थंड, वाहत्या, प्राणवायूने समृद्ध पाण्यातला, सॅमनच्या कुळातला हा मासा. शास्त्रीय नाव ऑन्कोऱ्हिंकस मायकिस. उत्तर अमेरिका व कामचाटकातल्या, पॅसिफिकला मिळणाऱ्या नद्या हे त्याचे मूळ घर. अंगभर काळे ठिपके, कुशीवर कल्ल्यांपासून शेपटीकडे गेलेला गुलाबी पट्टा. समुद्रात वाढून अंडी घालायला नदीत परतणाऱ्यांना स्टीलहेड म्हणतात.

हौशी गळकऱ्यांना तो प्रिय आहे तो त्याच्या झुंजीमुळे. गळ रुतताच तो पाण्याबाहेर उसळतो, डोके झटकतो, दोर ताणत प्रवाहात धूम ठोकतो. पिसे-दोऱ्याच्या नकली माशीवर त्याला भुलवणे हे खरे कसब!

१८८३ मध्ये कॅलिफोर्नियातून त्याची अंडी न्यूझीलंडला गेली. तिथले टाउपो सरोवर आज ट्राउटसाठी जगप्रसिद्ध आहे. ब्रिटिशांनी तो निलगिरीच्या ओढ्यांतही सोडला. मात्र जाईल तिथे तो स्थानिक माशांवर ताव मारतो. म्हणूनच जगातल्या १०० घातक आक्रमक प्रजातींच्या यादीत त्याचे नाव आहे.