मालट्रकचे पट्टे आणि सोनेरी सिंह

जून १९५८. ऑकलंडमध्ये ऐन हिवाळा आहे आणि तुम्ही प्रिन्सेस स्ट्रीटवरच्या प्रौढ शिक्षण केंद्रात शिरताय. कोट अंगावरच राहू द्या. आत पाच जणांची कामं मांडली आहेत: राल्फ होटेरे, मुरू वॉल्टर्स, आर्नल्ड विल्सन, सेल्विन विल्सन आणि त्यांत एकटी बाई, कातेरीना मताइरा. पाचही माओरी, म्हणजे न्यूझीलंडचे मूळ रहिवासी, आणि पाचही शाळांमध्ये कला शिकवून पोट भरणारे.

तुमची नजर वेटोळ्यांची नक्षी आणि पूर्वजांच्या पुतळ्यांचे शिंपल्यांचे डोळे शोधते. ते सगळं रोटोरुआला. आपिराना न्गाता या माओरी पुढाऱ्याच्या खटपटीने १९२०च्या दशकात तिथे कोरीवकामाची शाळा निघाली आणि जुनी कला तगली. पण माओरी कला म्हणजे एवढंच, असा समजही त्यातूनच घट्ट झाला. इथली मंडळी आधुनिक चित्रकलेचं वारं प्यायलेली आहेत. ‘यात माओरी काय आहे?’ हा प्रश्न तुमच्या ओठांवर आलाय ना? गिळून टाका. पुढची कित्येक वर्षं त्यांना तो विचारला जाणारच आहे, त्यात तुमची भर नको.

सव्वीस वर्षं ओलांडा. १० सप्टेंबर १९८४, न्यूयॉर्क, मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या पायऱ्या. अजून फटफटलेलंही नाही. माओरी वडीलधारे मंत्र म्हणत पायऱ्या चढतायत, बायकांची लांबवर जाणारी हाक अंधार चिरत जाते. कॅमेरेवाले चूप. आत १७४ वस्तू आहेत, पण या माणसांच्या लेखी त्या वस्तू नव्हेत, पूर्वज आहेत. परक्या मुलखात ठेवलेल्या आजोबा-पणजोबांना भेटायला यावं, तसे ते आलेत. ‘ते माओरी’ या प्रदर्शनाने जगाची नजर बदलली, हे खरंच. मायदेशातल्या गोऱ्यांनाही आपल्या घरात काय आहे ते अमेरिकेने वाखाणल्यावर उमगलं. (हा आजार आपल्याला नवा नाही.)

आता जरा नीट पाहा. दालनांत लाकूड आहे, हिरवा दगड आहे, हाड आहे. म्हणजे बहुतेक सगळं पुरुषांच्या हातचं. विणकाम निवडणाऱ्यांनी बाहेरच ठेवलंय. ते आत आलंय ते पाहुण्यांच्या खांद्यांवरून, त्यांनी पांघरलेल्या शालींच्या रूपाने. होटेरे आणि त्याच्या पिढीचंही इथे काही नाही. हे फक्त जुन्याचं प्रदर्शन. बायका आणि आजचे कलावंत, दोघंही उंबऱ्याबाहेर. त्यावर टीका झाली आणि ती रास्तच होती.

साल तेच राहू द्या, जागा बदला. न्यूझीलंडच्या उत्तर बेटावरचं ते कुइती. इथल्या रंगीमारिए हेटेट यंदा ९२ वर्षांच्या आहेत, आणि त्यांची लेक डिगरेस ते कानावाही विणकामात तितकीच तयार. इथे हारकेकेची पाती कशी कापतात ते बघून घ्या. तलवारीसारख्या लांब पात्यांच्या या झुडपाचा मधला कोंब म्हणजे मूल आणि त्याच्या दोन्ही बाजूंची पाती म्हणजे आईबाप. त्यांना हात लावायचा नाही. कापायची ती बाहेरची पाती, तीही तिरकी. मग शिंपला पात्यावरून दाबून ओढायचा. हिरवा गर सुटतो आणि आतून रेशमासारखा पांढरा धागा निघतो. तो उघड्या पोटरीवर तळहाताने वळतात. दोन-तीनदा करून बघा, पोटरी लाल होईल. एका शालीला असे किती धागे लागत असतील याचा हिशेब करू नका.

मधली वर्षं भराभर मागे टाका. २०१२मध्ये चार माओरी बायका एकत्र येऊन माताआहो कलेक्टिव्ह नावाचा गट करतात: एरेना आरापेरे, सारा हडसन, ब्रिजेट रेवेती, तेरी ते ताऊ. काम चौघींचं, नावही चौघींचं मिळून एकच. २०१७ला जर्मनीतल्या कासेलच्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात त्या चक्क निळ्या ताडपत्रीची कलाकृती घेऊन जातात.

एप्रिल २०२४, व्हेनिस. आर्सेनालेच्या जुन्या विटांच्या इमारतीत, बिएनाले या कलाप्रदर्शनाच्या पहिल्याच दालनात पाऊल टाका आणि मान वर करा. डोक्यावर विणलेलं छत आहे. कशाचं? ट्रकवर माल आवळायच्या पॉलिएस्टर पट्ट्यांचं. बकलं आणि हूक तसेच दिसतायत, काही लपवलेलं नाही. पट्ट्यांमधून उजेड झिरपतो आणि त्या जाळीची सावली भिंतींवर सरकते. कामाचं नाव ‘ताकापाऊ’, म्हणजे समारंभात, खास करून बाळंतपणात अंथरायची बारीक विणीची चटई. चौघींनी ती जमिनीवरून उचलून वर टांगली आणि ओझी बांधणाऱ्या कष्टकऱ्यांचा पट्टा तिचा धागा केला. ‘यात माओरी काय आहे?’ विचारा आता, खुशाल विचारा.

२० एप्रिलला परीक्षकांनी मुख्य प्रदर्शनातल्या सर्वोत्तम सहभागाचा सोनेरी सिंह याच कामाला दिला. त्याच बिएनालेत सेल्विन विल्सनही होता. १९५८च्या त्या खोलीतला. तो २००२मध्येच वारला, त्यामुळे आलं ते त्याचं काम. मेट्रोपॉलिटनने ज्या दोन गोष्टी बाहेर ठेवल्या, बाईचं विणकाम आणि आजची माओरी कला, त्यांना चाळीस वर्षांनी बक्षीस मिळालं ते एकत्रच. माझ्या मते या शतकातल्या माओरी कलेचं सगळ्यात भक्कम काम हेच.

‘ताकापाऊ’ वेलिंग्टनच्या ते पापा संग्रहालयाच्या मालकीचं आहे. न्यूझीलंडला लेकीकडे-लेकाकडे जाणाऱ्या आपल्या मंडळींच्या यादीत हॉबिटनचा सिनेमा-सेट हमखास असतो. त्यात ते पापाही घाला. परदेशी पाहुण्यांना २०२४पासून तिथे ३५ डॉलरचं तिकीट लागतं. ‘ताकापाऊ’ सध्या मांडलेलं आहे का, हे मात्र निघण्याआधी विचारून घ्या.