पोशाख दिल्लीचा, परवानगी साताऱ्याची

पागोटं घट्ट बांधा, नाहीतर पुढच्या रेट्यात ते कुणाच्या तरी घोड्याच्या टापांखाली जाईल. सन 1792, जून महिना. तुम्ही पुण्याबाहेर, पाटीलबावांच्या छावणीच्या बाजूला उभे आहात आणि सगळ्या पेठा तुमच्या पाठीवर रेलल्या आहेत. अंगरखा घामानं अंगाला चिकटलाय. वारा पडलेला. आधी लिदीचा वास येतो, मग कुणाच्या तरी कानातल्या हिन्याच्या फायाचा, मग पळसाच्या द्रोणातल्या फुटाण्यांचा. मागून एक आजोबा तुमच्या बरगडीत कोपर खुपसतात, “सरक की रे बाळा, आम्हालाही दिसू दे!”

आज श्रीमंत पेशव्यांना दिल्लीच्या बादशहाकडून ‘वकील-इ-मुतलक’ हा किताब मिळणार आहे. तो उत्तरेतून घेऊन आलेत महादजी शिंदे. पुण्यात त्यांना पाटीलबावा म्हणतात, आणि त्यांनाही तेच आवडतं.

तेवढ्यात घामाघूम झालेला एक कारकून तुमचा दंड पकडतो. “अहो, नुसते उभे काय? धरा हे तबक, आणि मान खाली!” त्याला माणूस कमी पडलाय, तुमचं नशीब उघडलंय. चला आत.

बाहेरच्या उन्हातून आत आल्यावर क्षणभर काहीच दिसत नाही. कनातींमध्ये ऊब कोंडलीय, त्यात ऊद आणि गुलाबपाणी. अनवाणी पावलं गालिच्यात रुततात. हळूहळू डोळे सरावतात आणि समोरच्या टोकाला तख्त दिसतं. त्यावर कुणीच बसलेलं नाही. बादशहा शहा आलम दिल्लीत आहे. चार वर्षांपूर्वी गुलाम कादिरनं त्याचे डोळे काढले, आणि आता त्याचं रक्षण पाटीलबावांचीच फौज करते. म्हणजे मान देणाऱ्याला सांभाळणारेच आज मान घेऊन आलेत! हसू येतंय ना? ओठ मिटा. तख्तावर फर्मान ठेवलंय, आणि इथं फर्मान म्हणजेच बादशहा.

श्रीमंत येतात. सवाई माधवराव, वय अठरा. मिसरूड फुटलेला मुलगा, पण आख्खा तंबू श्वास रोखतो. रिकाम्या तख्तापुढे ते तीनदा लवून मुजरा करतात, 101 मोहरा नजर ठेवतात आणि तख्ताच्या डाव्या हाताला बसतात. शिंद्यांचा मुनशी फारसीत फर्मानं वाचू लागतो. तुमच्या तळव्यांना घाम सुटलाय, तबक निसटू पाहतंय, कपाळावर माशी बसलीय आणि ती हाकलायला हात मोकळा नाही. फारसी कळत नसली तरी चेहरा कळल्यासारखा ठेवा. आजूबाजूचे निम्मे लोक तेच करताहेत. गाईबैलांच्या कत्तलीला बंदी करणारं फर्मान आहे हे कुजबुजत मागच्या रांगेपर्यंत पोचतं, तेव्हा कुठे माना डोलतात.

आता तिकडे बघा, नाना फडणवीस. उंच, सडपातळ, चेहऱ्यावरची सुरकुतीही हलत नाही. हा समारंभ त्यांना नको होता. कारकून ओठ न हलवता तुम्हाला सांगतो, “किताबांत ‘महाराजाधिराज’ही आहे. आता महाराज साताऱ्यात असताना पेशव्यांनी हे लावायचं कसं, सांगा!” मुद्दा बिनतोड आहे. पेशवा म्हणजे छत्रपतींचा प्रधान. त्याची वस्त्रं साताऱ्याहून यायची. ह्याच माधवरावांना ती आली तेव्हा ते पुरंदरावर चाळीस दिवसांचे तान्हे होते. एकाचा चाकर दुसऱ्याचा पोशाख अंगावर घालणार, तर आधी धन्याला विचारायला नको? पाटीलबावा हटेनात, तेव्हा साताऱ्याकडे विचारणा झाली, छत्रपतींची रीतसर परवानगी आली, आणि मगच आजचा दिवस उजाडला. तरी जुन्या मानकऱ्यांच्या कपाळावरची आठी काही गेलेली नाही.

तुम्ही आमच्या काळातले, तुम्हाला हे नवं वाटायला नको. भारताच्या संविधानाचं 18वं कलम तेच विचारतं. परक्या राज्याचा किताब कुठल्याही नागरिकानं घ्यायचा नाही, आणि सरकारी पदावरच्या माणसानं राष्ट्रपतींच्या संमतीवाचून परक्या राज्याकडून भेटसुद्धा स्वीकारायची नाही. धनी बदलला, प्रश्न तोच राहिला.

शूः! श्रीमंत शेजारच्या तंबूत जाऊन पोशाख चढवून आले. खिलतीची नऊ वस्त्रं, रत्नांचे दागिने, ढाल-तलवार, शिक्के, कलमदान. जूनच्या उकाड्यात एवढं सगळं अंगावर! कपाळावरून एक थेंब ओघळतो, पण तो पुसायची सोय मान घेणाऱ्यालाही नाही आणि तबक धरणाऱ्यालाही नाही. आधी शिंदे, मग नाना आणि बाकीचे कारभारी नजरा करतात. नानांचा हात पुढे येतो, चेहरा मात्र येत नाही.

आणि मग बाहेर! श्रीमंत नालकीत बसतात. पाटीलबावा आणि हरिपंत फडके मागून मोरचेल ढाळताहेत. पुढे सहा हत्तींवर बादशाही निशाणं, चंद्र, तारे, माहीमरातबाचा मासा. तोफ सुटते ती तुमच्या दातांत वाजते. बंदुकीच्या दारूचा धूर घशाला झोंबतो, नगारे आणि कर्णे एकमेकांवर कुरघोडी करतात, घोडा बिथरतो, पोर रडतं. माड्यांच्या खिडक्यांत बायकांची दाटी, कौलांवर पोरं. असा थाट पुण्यानं आजवर पाहिलेला नाही, आणि ओरडून ओरडून तुमचा घसा बसलाय हे तुम्हाला शनिवारवाडा दिसल्यावर कळतं.

मिरवणूक दिल्ली दरवाज्यातून आत जाते. तुम्ही हौदावर पाणी प्यायला थांबता. कात्रजहून नळानं आलेलं गार पाणी. भोवती गप्पा रंगल्यात. नऊ वस्त्रं कुठली, दागिने किती, यावर दोन मिनिटांत सगळ्यांचं बोलून होतं. खरी चर्चा वेगळ्याच गोष्टीची. थोड्याच दिवसांपूर्वी पाटीलबावा वाड्यात आले, मानकऱ्यांच्याही खाली जाऊन उभे राहिले, बोचकं सोडून श्रीमंतांपुढे नवे जोडे ठेवले आणि जुने काखेत धरले. म्हणाले, माझ्या बापाचा धंदा हाच. अर्ध्या हिंदुस्थानावर दरारा असलेला माणूस!

“केवढी ती नम्रता,” एकजण गहिवरून म्हणतो.

“नम्रता खरीच हो,” मघाचे कोपरवाले आजोबा ओंजळ झटकत म्हणतात, “शिवाय हा पोशाख चढवायला साताऱ्याला विचारावं लागत नाही.”